खानेसुमारीतले आपण : शहापूर-मुरबाडची माणसे आणि त्यांचा कारभार

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचा विषय जाहीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. लोकसंख्या आणि प्रशासन म्हणजे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला परीक्षेपुरता वाचायचा धडा, असे तुम्हांला वाटले असणार. आम्हांलाही तुमच्या वयात तसेच वाटत होते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. आकड्यांशी आमचा संबंध येतो तो पैशांच्या निमित्ताने, आणि तेही दुसऱ्याच्या पैशांच्या. परंतु खिडकीच्या पलीकडे उभा असलेला माणूस कोणत्या गावचा, कोणत्या पाड्याचा, त्याचे नाव कोणत्या कागदावर कसे लिहिले आहे, यावर त्याचे काम होणार की नाही हे ठरते, हे रोज पाहता पाहता या धड्याचा अर्थ आम्हांला उशिरा का होईना कळू लागला.

प्रथम आकडे सांगून टाकतो. १८८१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली आणि त्या वेळी ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्याकडे सात तालुके उरले. त्यांतले ठाणे आणि उल्हासनगर शहरांनी भरलेले, कल्याण व अंबरनाथ शहरांनी गिळत आणलेले, भिवंडी अर्धे यंत्रमागांचे आणि गोदामांचे. खऱ्या अर्थाने खेड्यांचे म्हणावे असे दोनच तालुके राहिले, आपले शहापूर आणि मुरबाड. शहापूर क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा. २०११ साली शहापूरची लोकसंख्या ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची १ लाख ९० हजार होती. दोन्ही मिळून पाच लाख. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या त्याच साली बारा लाखांवर होती!

आता एक गोष्ट लक्षात घ्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा ३६ ने वाढली. शहापूरची वाढ मात्र शेकडा पंधराच्या आसपास आणि मुरबाडची बाराच्या आसपास होती. म्हणजे आपल्या गावांत मुले जन्मत नव्हती असे नव्हे. ती मोठी होऊन कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथकडे गेली. या सभागृहातलेच पाहा. ज्यांचे मूळ गाव शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात आहे त्यांनी हात वर करावेत. (बहुतेक हात वर झाले.) आता ज्यांचे नाव आजही गावच्या मतदार यादीत आहे त्यांनी हात वर ठेवावेत. पाहा, किती उरले ते!

शहापूर आणि मुरबाड ही नावे एका दमात घेतली जातात, पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. शहापूर तालुक्याला पूर्वी कोळवण म्हणत, आणि इंग्रजी अमदानीत मोखाडा हा त्याचाच पोटभाग होता. १८५५ साली रेल्वे वासिंदपर्यंत आली आणि १८६१ साली कसाऱ्याला पोहोचली. त्यामुळे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही गावे रुळाला धरून वाढली. डोळखांब आणि किन्हवली मात्र आडबाजूला राहिली. मुरबाडला आजवर रेल्वे नाही. तिथला रस्ता फार जुना आहे. नाणेघाटाच्या पायथ्याचे वैशाखरे आपल्याच मुरबाड तालुक्यातले. सातवाहनांच्या काळात कल्याणचा माल त्या वाटेने जुन्नरला जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा होता असे सांगतात. तेव्हा आपल्या भागाला शासन प्रथम भेटले ते जकात घेणारे म्हणून, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही! पाण्याच्या बाबतीत शहापूरची तऱ्हा तर सर्वांना ठाऊक आहे. १८९२ चे तानसा आणि नंतरचे भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईची तहान मोठ्या प्रमाणावर या तालुक्याच्या पाण्यावर भागते, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात.

हा टँकर कोणाला मिळतो? इथून आपला खरा विषय सुरू होतो.

सरकारच्या दप्तरात गाव म्हणजे महसुली गाव. त्याला शीव असते, नकाशा असतो, जनगणनेत स्वतंत्र क्रमांक असतो. पाडा, वाडी, वस्ती यांना जनगणनेच्या गावनिहाय कोष्टकात स्वतंत्र जागा नसते. शहापूरसारख्या डोंगराळ तालुक्यात एका महसुली गावाचे सहा-सात पाडे असतात आणि ते मूळ गावठाणापासून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर दूर असतात. गावठाणात शाळा असली की कागदावर गावाला शाळा आहे. गावठाणात नळ आला की गावाला नळ आहे. डोंगराच्या कुशीतला ठाकरांचा किंवा कातकऱ्यांचा पाडा त्या एका होकारात गडप होतो. आमच्या खिडकीवर एकदा एक म्हातारी आली. खाते उघडायचे होते. पत्ता विचारला तर तिने पाड्याचे नाव सांगितले. शिधापत्रिकेवर महसुली गावाचे नाव, आधारवर टपाल असलेल्या तिसऱ्याच गावाचे नाव. तिचे स्वतःचे नावही तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले. आम्ही नियमाने तिला परत पाठवले. ती पुन्हा आली नाही. तो नियम आमच्या मनात अजून सलतो.

शहापूर तालुक्यात सुमारे एक तृतीयांश लोक आदिवासी आहेत आणि मुरबाडमध्ये चौथाईच्या आसपास. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली हे आपले शेजारी आहेत, आणि त्यांचा विषय आपला नाही असे आपल्यापैकी काहींना वाटते, ते आम्हांला मान्य नाही. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातली ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी तिथल्या पाड्याला एक वेगळाच अधिकार दिला आहे. पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव करून प्रांताधिकाऱ्यांकडे दिला, तर चौकशीनंतर तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होते. म्हणजे जनगणनेच्या कोष्टकात ज्याला जागा नाही, त्याला या कायद्यात गाव होता येते. हे पाड्यावर जाऊन किती जणांनी सांगितले? तुमच्यापैकी जे समाजकार्याचा अभ्यासक्रम करीत आहेत त्यांनी तरी सांगावे.

आता कातकऱ्यांविषयी थोडे अधिक बोलू द्या, कारण इथे मोजणीचीच गोम आहे. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे पोरेबाळे, कोंबड्या, भांडी घेऊन भिवंडी-कल्याणच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आपली जनगणना होते फेब्रुवारीत. नियम असा आहे की, गणनेच्या संपूर्ण काळात माणूस घरी नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे शहापूरच्या पाड्यावरचे कुटुंब भिवंडीच्या भट्टीवर मोजले जाते, तेही प्रगणक भट्टीपर्यंत पोहोचला तर. पोहोचला नाही तर ते कुठेच नसते. पावसाळ्यात त्या पाड्यावर रेशन, अंगणवाडी, दवाखाना लागतो तेव्हा पाड्याची लोकसंख्या कागदावर कमी भरते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळू लागला, तोही लोकसंख्येच्या हिशोबाने. भट्टीवर हरवलेले माणूस तिथेही हरवते.

कारभाराची रचना विद्यार्थ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गावात सरकारचे दोन रूळ येतात. एक महसुलाचा : तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. दुसरा विकासाचा : ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषद. पहिला फार जुना आहे. दुसरा वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्याने, १ मे १९६२ पासून सुरू झाला. २०२४ साली तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी असे झाले, पण गावात कोणी ते नाव घेताना आम्ही अजून ऐकले नाही. शहापूरचे प्रांत भिवंडीला बसतात, मुरबाडचे कल्याणला, जिल्हा परिषद ठाण्याला. जिल्हा परिषद खेड्यांची, आणि तिची कचेरी शहराच्या गर्दीत! पालघर वेगळे झाल्यानंतर ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. मधली तीन वर्षे खेड्यांचा प्रतिनिधी कोण होता, हा प्रश्न त्या काळात आमच्या गावात कोणी मोठ्याने विचारल्याचे आम्हांला आठवत नाही.

परंतु या दोन्ही रुळांच्या खाली जी खडी अंथरलेली होती, तिचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. ती खडी म्हणजे आपले पूर्वज.

आमचे आजोबा वेसकर होते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात तलाठ्याचे दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला पायी जाणे, सारा भरण्यासाठी कुळांना चावडीवर बोलावणे, सरकारी पाहुण्याच्या घोड्याला वैरण आणणे, मेलेल्या माणसाची वर्दी पाटलाला देणे आणि शिवेचा वाद उठला की दगड कुठे पुरला होता ते दाखवणे, ही त्यांची कामे होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ चे पुस्तक बी.ए.ला असताना आमच्या हाती आले, तेव्हा आजोबांच्या तोंडून ऐकलेले सारे तिथे छापलेले पाहून आम्ही चकित झालो होतो. फरक एवढाच होता, की पुस्तकात तो गाडा वरून पाहिलेला होता आणि आजोबांनी तो ओढलेला होता. या चाकरीला पगार नव्हता. थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागायची भाकर, एवढेच. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

त्या कायद्याने चाकरी गेली, आणि जमीन आकाराच्या तिप्पट रक्कम भरून पुन्हा मिळण्याची सोय झाली. ज्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचली नाही किंवा ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांच्या जमिनी मुदत उलटल्यावर हातच्या गेल्या. आजोबांनी बैल विकून पैसे भरले. ज्यांना जमीन मिळाली त्यांना ती नवीन आणि अविभाज्य शर्तीने मिळाली. सातबारावर आज तुम्हांला 'भोगवटादार वर्ग २' असे दिसते त्याचा इतिहास हा आहे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आमच्या चुलतभावाने हे वाचले नाही. अलीकडे आपल्या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊसवाल्यांची रीघ लागली आहे. अशाच एका दलालाने इसार दिला, कोऱ्या कागदावर अंगठे घेतले. पुढे शर्तभंगाची नोटीस आली. दलाल पसार झाला होता आणि इसाराचे पैसे लग्नात खर्च झाले होते. आम्ही बँकेत गहाणखते हाताळतो, आणि आमच्याच घरचा सातबारा आम्ही वेळेवर पाहिला नव्हता. दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी ही कबुली देणे आम्हांला भाग आहे. नागपूरहून आलेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून पुढे भिवंडीच्या आमणेपर्यंत जातो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता आला की जमिनीला पाय फुटतात. ज्यांची वतनी जमीन शिल्लक आहे त्यांनी आपला सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढून वाचावेत.

वेसकर-कोतवालाच्या कामातली एक गोष्ट मात्र आज आपल्याच उपयोगी पडते आहे. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची वर्दी तो देई आणि ती गाव नमुना चौदाच्या वहीत चढे. या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात नाव, बापाचे नाव आणि जात लिहिलेली असते. आज तुमच्यापैकी कोणाला जात वैधता प्रमाणपत्र हवे असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या लोकांकडे त्या काळचा शाळेचा दाखला कुठून असणार? आजोबा शाळेत गेलेच नाहीत. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. जुन्या नोंदी मोडीत असतात, कागद हाताळताच तुटतो, आणि वर्ष माहीत नसेल तर शोधणे फार कठीण जाते. आमच्या मुलीच्या प्रमाणपत्रासाठी आम्हांला जी नोंद सापडली ती आमच्या आत्याच्या जन्माची होती. वर्दी देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचे नाव होते. ज्याला स्वतःला लिहिता येत नव्हते, त्याने दिलेल्या वर्दीवर त्याची पणती इंजिनिअरिंगला गेली.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या अनेक कार्यकर्त्यांना आमचे म्हणणे पटत नाही, तरी बोलतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध म्हणून ६५ लाख ३१ हजार लोकांची नोंद झाली. त्यांपैकी अनुसूचित जातींत मोजले गेले ते ५२ लाख. म्हणजे सुमारे १३ लाख बौद्ध अनुसूचित जातींच्या बेरजेत आलेच नाहीत. ते सगळेच आपले असतील असे नाही. परंतु त्यांत फार मोठा भाग अशा लोकांचा असणार, ज्यांनी धर्म बौद्ध सांगितला आणि जातीच्या रकान्यात काहीच सांगितले नाही किंवा तिथेही 'बौद्ध' असेच सांगितले. १९९० च्या कायदा दुरुस्तीने अनुसूचित जातींतल्या बौद्धांनाही घटनात्मक सवलती मिळाल्या. मात्र अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही, आणि असूही नये. उलट बाजूने, आपल्यातलेच अनेक लोक घरात बुद्धाची मूर्ती ठेवून प्रगणकाला धर्म हिंदू सांगतात, कारण सवलती जातील असे त्यांना वाटते. ही भीती १९९० नंतर निराधार आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात मूळ जात, दोन्ही स्पष्ट सांगावे. यावर आम्हांला विचारले जाते, की १४ ऑक्टोबर १९५६ ला जी जात टाकली ती तुम्ही पुन्हा तोंडाने उच्चारायला लावता काय? प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या मनातली चीड आम्हांला कळते. आम्हांलाही तो शब्द लिहिताना सुख होत नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या प्रभागात अनुसूचित जातीची जागा राहणार की नाही, हे त्या प्रभागातल्या अनुसूचित जातीच्या लोकसंख्येवरून ठरते. मुरबाड तालुक्यातल्या लहान ग्रामपंचायतींत आपली दहा-पंधरा घरे असतात. त्यांतल्या पाच घरांनी रकाना मोकळा सोडला, तर जागा जाऊ शकते. मग पाण्याची टाकी कुठे बांधायची आणि स्मशानाकडे रस्ता कुठून काढायचा याचा निर्णय होतो तेव्हा आपल्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नसते. शहापुरात तर अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तिथे आपल्या वाट्याला जी एखादी सदस्याची जागा येते, ती अधिकच मोलाची. दाखल्यावर जी जात आपण सवलतीसाठी लिहितो, ती मोजणीच्या वेळी लपवण्यात आम्हांला तत्त्व दिसत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्यांच्या गोडव्यांवर कठोर टीका केली आणि घटनेच्या मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हे एकक धरले याचे समाधान व्यक्त केले. जनगणनाही माणूस मोजते. प्रगणक गावच्या पुढाऱ्याला विचारत नाही, उंबरठ्यावर उभा राहून घरच्या माणसाला विचारतो. त्या क्षणी आपल्या उंबरठ्यावर जे सांगितले जाते, तेच पुढे दहा-पंधरा वर्षे आपल्या नावाने चालते. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे त्या दशकानंतरही २०११ चेच आकडे ओढले गेले. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने आहे. सरकारने जाहीर केल्याप्रमाणे घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी नोंदी मोबाइलवर होणार आहेत आणि सर्व जातींची नोंद होणार आहे.

ग्रामसभेविषयी एकच सांगतो. गणपूर्ती शेकडा पंधरा किंवा शंभर मतदार, यांतली जी कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेला कोणी येऊ नये अशी व्यवस्था करणारे लोक गावोगाव असतात. आपल्या वस्तीतल्या लोकांनी पहिल्या सभेला गेले तर पाहिजेच, पण तहकूब सभेची तारीख विचारून तिलाही गेले पाहिजे. ठराव तिथे होतात.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा कामाचे तेवढे सांगतो. ज्यांना कोतवाल बुकाची नक्कल काढायची आहे त्यांनी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बसवून आजोबा-पणजोबांची, त्यांच्या बहिणींची नावे आणि अंदाजे जन्मवर्षे लिहून आणावीत. बहिणींची विसरू नका, बऱ्याचदा तिथेच नोंद सापडते. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी समाजमंदिरात बसायला तयार झाले आहेत. आम्ही अर्ज लिहून देऊ. सातबारा आणणाऱ्यांनी फेरफाराचा क्रमांकही आणावा. आणि फेब्रुवारीत वीटभट्ट्यांवर प्रगणक पोहोचतो की नाही ते पाहण्यासाठी भिवंडी आणि कल्याणच्या बाजूला जायला सात-आठ विद्यार्थी लागतील. ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी सभेनंतर आमच्याकडे नाव द्यावे.

जय भीम!